सुताच्या खोक्यातली मर्लो

कापड खरं की खोटं हे मी नाकाने ओळखतो. कडेचा एक धागा ओढायचा, काडी लावायची, विझवायची आणि धूर नाकाखाली धरायचा. जळक्या कागदाचा वास आला तर व्हिस्कोस, जळक्या केसांचा आला तर रेशीम, आणि धागा वितळून त्याचा टणक मणी झाला तर पॉलिस्टर, मग समोरचा काहीही शपथ घेवो. खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा हे नाक आणि लवकर चढणारा पारा एवढंच माझं भांडवल होतं. जे कमावलं ते याच दोहोंवर, आणि जे गेलं तेही.

वाइन मला माझ्या भागीदाराने शिकवली. तो इथलाच, पक्का सुरती. बमरोलीत आमची यंत्रमागाची शेड होती. जागा त्याची, माग दोघांचे, मेहनत जास्त करून माझी. हे वाक्य त्याने वाचलं तर तो भांडेल. भांडू दे. त्याचा मुलगा कॅलिफोर्नियात मोटेल चालवतो. भागीदार दर वर्षी तिकडे जायचा आणि येताना लाल वाइनच्या बाटल्या आणायचा. गुजरातेत दारूबंदी, पण आम्हा दोघांकडे तब्येतीचं परमिट होतं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेली, आपल्या घरात बसून पिण्याची सरकारी मुभा. मुभा असली तरी लाज सुटत नाही. सुरुवातीला आम्ही त्याच्या गच्चीवर रविवारी दुपारी स्टीलच्या पेल्यातून प्यायचो, शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांना ताक वाटावं म्हणून. कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारावरची द्राक्षं आणि आमच्याकडे स्टीलचा पेला. रंग दिसत नसे, आणि पेला नाकाशी नेला की आधी भांडी घासायच्या पावडरीचा वास.

मीच एकदा वैतागून म्हणालो, "शेठ, हे म्हणजे दिवा मालवून साडी दाखवणं झालं."

पुढच्या खेपेला त्याने काचेचे ग्लास आणले. गच्चीला पत्र्याची आडभिंतही घातली.

मग मात्र तो मन लावून शिकवू लागला. ग्लास अर्ध्याहून कमी भरायचा. फिरवायचा. नाक आत घालायचं, आधी वास, मग घोट. घोट लगेच गिळायचा नाही, जिभेवर सगळीकडे फिरवायचा. तो तिकडे मुलाबरोबर वाइनरीत जाऊन हे शिकून आला होता आणि तिथे ऐकलेली फळांची नावं पाठ म्हणायचा. मी त्यातलं एकही फळ कधी खाल्लं नव्हतं. मी माझी नावं दिली. कॅबर्ने सोव्हिन्यों म्हणजे अर्धकच्चं जांभूळ, जीभ आवळून धरणारं, आणि मागे सुताराच्या लाकडाचा वास. त्याला मी कांजीचं कापड म्हणायचो, दोनदा धुतल्याशिवाय अंगाला लागायचं नाही. झिन्फान्डेल म्हणजे मुरांब्यात मिरी पडलेली. पिनो न्वार पातळ, गाळलेल्या कोकमासारखी. तिची किंमत मला कधी पटली नाही.

आणि मर्लो. मर्लोत पिकून काळं पडलेलं जांभूळ होतं, भिजवलेला आलुबुखार होता, थोडा कोको आणि पाणी मारलेल्या मातीचा थंडावा. तुरटपणा होता, पण मऊ. कापडात आम्ही ज्याला फॉल म्हणतो, खांद्यावरून सोडलं की कापड स्वतःच्या वजनाने कसं उतरतं, तो फॉल मर्लोत होता. भागीदार म्हणायचा, "भाऊ, मी पितो. वास तू घेतोस. तू बोलतोस तेव्हा मला कळतं मी काय पितोय." सुरतेत आम्हा मराठी माणसांना भाऊ म्हणतात, त्यात प्रेमापेक्षा चेष्टा जास्त असते. त्याच्या तोंडी मला ते चालायचं.

एका वर्षी त्याने मर्लोची एक जादा बाटली मला घरी नेण्यासाठी दिली. म्हणाला, "ही चांगली आहे. दिवाळीला फोडू. तोवर तू सांभाळ."

दिवाळीच्या आधी माझी आई गेली. मी दिवसकार्यासाठी गावी गेलो. तेराव्यानंतर परत आलो तर शेडला दुसऱ्याचं कुलूप होतं. जागा विकली गेली होती. आणि माग भंगारात, वजनावर. ते माग मी स्वतः बसवले होते, कोणता कोणत्या बाजूला खडखडतो हे मला झोपेत कळायचं. माझा हिस्सा त्याने चोख पोचता केला, तो मी नाकारत नाही. पैशाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मला विचारलं नाही, एवढीच तक्रार आहे. फोन होता. मी गावात होतो, मेलो नव्हतो. डोक्याचे केस काढलेले होते आणि त्या अवस्थेत मी बंद शेडसमोर उभा राहून त्याला फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईक थांबत नव्हतं." मग तो मुलाकडे निघून गेला, कायमचा.

मी सुरतेतच, गोडादऱ्यात, सुताचं गोदाम घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली. परमिटचं नूतनीकरण केलं नाही. ज्याच्यासोबत प्यायचो तोच नाही तर कसलं परमिट. राहिली ती बाटली. परमिटशिवाय ती घरात ठेवणं बरं नव्हतं, शिवाय लेकीच्या सासरची माणसं येऊन-जाऊन असायची. मी ती सुताच्या कोनच्या खोक्यात उभी ठेवली, वर कोन, म्हणजे सूत गुंडाळलेले शंकू, रचले, आणि खोकं गोदामात पार मागे, वरच्या थप्पीवर टाकलं. तिथे पोलीसच काय, उंदीरही जात नाही. वर पत्र्याचं छप्पर होतं. एप्रिल-मेमध्ये त्या थप्पीवर हात ठेववत नाही. पण मी ती लपवत होतो, सांभाळत नव्हतो, आणि लपवणाऱ्याला ऊन-सावलीचा विचार सुचत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. इतक्या वर्षांनी, आणि सुरुवात काय तर, "भाऊ, पेली बाटली छे के पी गयो?" ती बाटली आहे की प्यायलास?

"आहे," मी म्हणालो. "मी लोकांच्या वस्तू त्यांना न विचारता संपवत नाही."

तो म्हणाला की घर विकायला आलोय, ही शेवटची खेप, दुपारी ये. बाटली घेऊन ये, पाहुण्यांचं परमिट काढलंय, घाबरू नको.

मी होकार दिला तो बाटलीसाठी नाही. त्याच्या तोंडून एक वाक्य मला ऐकायचं होतं, "तुला विचारायला हवं होतं," एवढंच. आणि ही शेवटची खेप असेल तर ते मिळण्याची ही शेवटची संधी होती.

खोकं उतरवलं तेव्हा बाटलीच्या मानेवरून एक चिकट ओघळ लेबलापर्यंत सुकलेला दिसला. बूच किंचित वर आलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला. कापडाला डाग असेल तर तो घडीच्या आत घालून ठाण दाखवतात. मी ओघळ ओल्या फडक्याने पुसला, बूच अंगठ्याने दाबलं आणि निघालो.

घर रिकामं झालं होतं. गच्चीवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक स्टूल, त्यावर पोंक आणि लिंबाची शेव. पोंक म्हणजे हिवाळ्यात भाजलेली कोवळी ज्वारी. तो तिच्यासाठीच या दिवसांत आला असणार असं मला वाटलं. पत्र्याची आडभिंत गंजली होती. तो वाळून अर्धा झाला होता, गळपट्टी सैल झालेली, हातात काठी.

"टक्कल पडलं रे तुला," तो म्हणाला.

"तुझ्यामुळे. पहिल्यांदा आईमुळे केस काढले, नंतर परत आलेच नाहीत."

तो हसला. त्यानेच बूच काढलं, ओतलं, ग्लास फिरवला, आणि नाकाशी न नेता माझ्याकडे सरकवला. "तू घे. मला येत नाही आता."

आजारपणात त्याचा वास गेला होता. साफ. मुलाच्या घरी गॅस सुरू राहिला तरी कळलं नाही, तेव्हापासून सून त्याला स्वयंपाकघरात जाऊ देत नाही. पोंक खातो तर नुसती ज्वारी चावल्यासारखी लागते. तिकडे वाइनच्या चार बाटल्या फोडून पाहिल्या, काही नाही.

"म्हणून तुझी आठवण झाली," तो म्हणाला. "तू बोलायचास ना, तसं बोल. मी डोळे मिटून पितो. बघू काही येतं का."

मी ग्लास नाकाखाली धरला. शिजवलेल्या मनुका, शिरका, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. रंगही जांभळा उरला नव्हता, कडेला विटकरी झाला होता. माल मेलेला होता.

"बोल ने. शुं आवे छे?" काय वास येतोय, सांग.

मी ग्लास खाली ठेवला. "आधी तू बोल."

"काय?"

"ते तुला माहीत आहे. ते बोल, मग मी वास सांगतो."

"हरामखोर," तो शांतपणे म्हणाला. सुरतेत ही शिवी मोजली जात नाही. "आजारी माणसाशी सौदा करतोस?"

"तू माझी आई गेली तेव्हा केलास."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो. तरी विचारायचं."

"तू नाही म्हटलं असतंस, मी ऐकलं नसतं, मग भांडण. ते वाचवलं मी."

"वाचलं का?"

खाली कुणीतरी कपाट ओढत होतं, त्याचा फरशीवर घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो थांबल्यावर भागीदार काठीच्या मुठीकडे बघत म्हणाला, "विचारायला हवं होतं. तुला विचारायला हवं होतं. बस?"

मला बरं वाटेल असं इतकी वर्षं वाटत होतं. त्या "बस?"ने अर्धी मजा घालवली, तरी सौदा झाला होता. मी शब्द पाळला. डोळे मिट म्हणालो आणि त्याच्या गच्चीवरच्या जुन्या मर्लोचा वास सांगितला. काळं जांभूळ, भिजलेला आलुबुखार, कोको, मातीवर मारलेलं पाणी. फॉलही सांगितला. तो डोळे मिटून हसत होता. मग त्याने तो ग्लास उचलून मोठा घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि त्याचा चेहरा पडला.

"आंबट," तो म्हणाला. पुन्हा घेतला. "भाऊ, नुसतं आंबट लागतंय. शिरक्यासारखं." त्याने ग्लास स्टुलावर ठेवला. "म्हणजे आता जीभही बिघडली. डॉक्टर म्हणाला होता जीभ राहील."

मी गप्प राहू शकलो असतो. बाजारात गप्प राहण्याला कुणी खोटं म्हणत नाही. पण तो शेवेची एक काडी उचलून ती तोंडात टाकायला घाबरत होता, आणि ते बघून माझा पारा चढला. कुणावर ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"जीभ शाबूत आहे तुझी," मी जवळजवळ ओरडलोच. "माल खराब आहे. पत्र्याखाली ठेवला होता मी. शिरकाच झालाय त्याचा. तुला लागतंय ते बरोबर लागतंय."

त्याने शेव खाल्ली. सावकाश चावली. "लिंबू," तो म्हणाला. "मीठ. तिखट." मग आणखी एक मूठ घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिखटाने असेल.

मग त्याने मान वर केली, आणि मला तो जुना भागीदार दिसला, दलालाला घाम फोडणारा.

"म्हणजे तू मला डागाळलेला माल दिलास. घडी घालून."

"दिला."

"आपल्या बाजारात डागाळलेल्या मालाचं काय होतं?"

सुरतेचं पोर असो की परप्रांतातला व्यापारी, सगळ्यांना ते ठाऊक आहे. माल परत येतो, आणि सौदा रद्द होतो, जणू झालाच नव्हता.

"तो मारुं वाक्य पाछुं," तो म्हणाला. माझं वाक्य परत दे.

मला वाटलं तो गंमत करतोय. मी हसलो. तो हसला नाही. शेव खात राहिला, एकेक काडी, प्रत्येक वेळी चव तपासत. मी वाट पाहिली की तो आता काहीतरी म्हणेल. त्याने पोंक माझ्याकडे सरकवला, एवढंच.

निघताना मी बाटली गच्चीच्या मोरीत ओतली. विटकरी पाणी जाळीवर थोडं थांबलं आणि गेलं. जिन्यात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, उतरायला आधार म्हणून, की नुसताच, ते मी विचारलं नाही.

तो मुलाकडे परत गेला. घरात आता दुसरं कुटुंब राहतं, त्यांनी पत्र्याची आडभिंत काढून टाकली. मी परमिट पुन्हा काढलं आणि तिकडची मर्लो मिळाली तशी आणली. ती मी आडवी, थंडीत, नीट ठेवली आहे. बूच जागेवर आहे, मानेवर ओघळ नाही. या बाटलीच्या बदल्यात ते वाक्य पुन्हा मागता आलं असतं, पण घेणारा आता येत नाही, आणि फोनवरून वास पोचत नाही.