कढईतलं सिलिका जेल

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमचा. जयसिंगपूरच्या व्यापारी घरातल्या, बोलायला रोखठोक. गगनबावड्याकडच्या शाळेतून आलेल्या, घरातला पहिला पदवीधर असलेल्या मला त्यांनी कोल्हापुरात आपल्या प्रयोगशाळेत घेतलं.

आमचं काम वीज वाहणाऱ्या पॉलिमरचं. मोबाइलच्या पडद्यात असतो तो नेहमीचा पारदर्शक वीजवाहक थर वाकवला की तडकतो. म्हणून आम्ही प्लास्टिकच्या पातळ तुकड्यावर पॉलिमरचा फिकट निळा थर चढवायचो. द्रावणात ग्लायकॉल नावाचं रसायन थोडं घातलं की वीज चांगली वाहायची. हवेतली ओल लागली की पुन्हा अडायची.

शिष्यवृत्तीची मुदत वाढवायची का, ते ठरवायला समिती येणार होती. ती नाही म्हणाली असती तर माझं संशोधन तिथंच संपलं असतं. वडील फोनवर म्हणाले, "तुझं प्लास्टिक दिवा लावंल तवा लावंल. साखर कारखान्यात जागा हाय. येतोस न्हवं?"

आदल्या दिवशी पाहतो तर नमुन्यांच्या बरणीतलं ओल शोषणारं सिलिका जेल गुलाबी पडलेलं. कोरडं असताना ते निळं असतं. म्हणजे बरणीत ओल शिरली होती. ओव्हन लावावा तर भारनियमन.

मॅडम जेल घेऊन मंगळवार पेठेतल्या घरी निघाल्या, मागोमाग मी. गॅसवर लोखंडी कढई ठेवून त्या रवा भाजावा तसं जेल परतू लागल्या.

"हे कुणाला वाढणार गं?" त्यांच्या सासूबाईंनी विचारलं.

"समितीला उपमा! आणि ही कढई आता लॅबची. ह्या रंगात विष असतंय, घरात परत न्हाई आणायची."

मला हसू येईना. दाणे निळे झाले तेव्हा कुठं हसलो. रात्रभर नमुने त्याच जेलसोबत बंद ठेवले.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मी बॅटरी आणि छोट्या दिव्याला चिमट्यांनी जोडलेला तुकडा पेन्सिलीभोवती वाकवला. दिवा विझला. मी थर चाचपायला बोट पुढं केलं.

"थराला हात लावू नकोस," मॅडम मागून म्हणाल्या. "चिमटा बघ की."

चिमटा निसटला होता. तो बसवून पुन्हा वाकवला. दिवा लागला.

"आणखी एकदा," एक सदस्य म्हणाले.

दिवा तसाच राहिला. शिष्यवृत्तीची मुदत वाढली.

पुढं परगावी प्राध्यापक झालो, तेव्हा त्यांना लिहिलं:

"मॅडम, नमस्कार. इथंही हवा दमट आहे. पहिल्याच आठवड्यात बाजारातून कढई आणली. शिपाईमामांनी विचारलं, सर, स्वयंपाक इथंच करणार का? तुमचंच उत्तर दिलं, समितीला उपमा! नवी विद्यार्थिनी तुकडा वाकवताना दिवा विझला की घाबरते. तिला म्हणतो, आधी चिमटा बघ."