अस्वलाने ताट फेकलं का?

बालवाडीत किस्से शोधावे लागत नाहीत. दुपारी पोरं घरी गेली की मी झाडू मारते, तेव्हा एखादी चप्पल, एखादी रिबीन, अर्धं बिस्कीट आणि एखादा किस्सा निघतोच! चप्पल ज्याची त्याला परत जाते. किस्से मात्र माझ्याकडेच साठतात, आणि माझ्या पोटात काही राहत नाही. ऐका तर.

आमची बालवाडी देवळाली प्रवराच्या बाहेर, वस्तीवर. एका पालकाने आम्हाला जुना टीव्ही दिला. खिचडीच्या वेळी मी त्यावर 'फुग्या अस्वल' नावाचं कार्टून लावायचे. पोरं गप बसून जेवायची. मीही सुखाने दोन घास खायचे, खोटं कशाला बोलू!

आणि एक दिवस चार वर्षांच्या विहानने जेवताजेवता ताट भिरकावलं. खिचडी भिंतीवर! मी रागावले, तर दुसऱ्या दिवशी परत तेच. मग एकदा ते ताट स्वराच्या कपाळाला लागलं आणि हे एवढं टेंगूळ आलं. बाकीच्या आया दारात हजर. "बाई, येकतर त्याला घरी बसवा, न्हाईतर आमी आमची पोरं धाडनार न्हाई!"

एवढंसं पोर, त्याला काय शाळेतून काढायचं?

विहानचे पप्पा, संतोषभाऊ, आले. त्यांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज त्याहून कडक. "बाई, पोरगं माझं गुणी हाय. हे समदं त्या अस्वलाचं काम! टीव्ही बंद करा."

शेवटी ठरलं, कार्टून आधी मोठ्यांनी बघायचं. अस्वलाने ताट फेकलेलं सापडलं तर टीव्ही बंद. नाही सापडलं तर विहान घरी. कमिटीत मी, संतोषभाऊ, स्वराची शेवंताआजी आणि अण्णा. अण्णा म्हणजे घोडेगावच्या बाजारात उभी हयात गेलेले जनावरांचे व्यापारी. गावातली कुठलीही कमिटी त्यांच्याशिवाय होत नाही.

*

पहिली बैठक. पोरांच्या चटया, समोर टीव्ही. फुग्या आपल्या मित्राला, म्हणजे एका बैलाला, हाक मारतो. बैल डुलत डुलत येतो.

अण्णा ताडकन उठले. "थांबवा! बैलाला कास?"

बघते तर खरंच! शिंगं, वशिंड, गळ्यात घुंगरमाळ आणि खाली चांगली भरलेली कास.

"अण्णा, आपण ताट शोधतोय," मी म्हटलं.

"ताट ऱ्हाऊ द्या. उद्या पोरं बैलाखाली चरवी घेऊन बसली अन् लाथ खाल्ली तर जिम्मेदार कोन? नापास!"

त्या दिवशी पुढचं काही बघताच आलं नाही.

*

शेवंताआजींचा प्रश्न वेगळाच. "ह्या अस्वलाला आईबाप न्हाईत का वो? सकाळधरनं हिंडतंय. जेवलं का न्हाई, कुनी इचारत बी न्हाई!"

पण चौथ्या दिवशी काय झालं? फुग्या नदीत पडला आणि लाईट गेली! आजी रात्रभर तळमळल्या म्हणे. सकाळी मी कुलूप काढायच्या आधी पायरीवर हजर. "बाई, निघालं का ते बाहेर?"

पुढे तर त्या टीव्हीशीच भांडायला लागल्या. "आरं मागं बघ! मागं बघ, मुडद्या!" भावकीतल्या साखरपुड्यालासुद्धा गेल्या नाहीत. आणि मत काय दिलं? "लहान पोरांला नगा दाखवू, त्यांच्या जिवाला घोर लागंल. मला दाखवा."

*

मी म्हटलं, ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांनाही विचारावं. सगळी पोरं गोल बसवली. "सांगा बरं, फुग्या आपल्याला काय शिकवतो?"

मला वाटलं, कुणी म्हणेल मैत्री, कुणी म्हणेल खरं बोलावं. शेजारी संतोषभाऊ कान टवकारून उभे.

टेंगूळवाली स्वरा हात वर करून उठली. "बाई, जाहिरात लागली की पळत जाऊन शू करून यायची!"

सगळ्या वर्गाने मान डोलावली. इतकं एकमत माझ्या वर्गात आजवर झालेलं नाही.

*

संतोषभाऊ मात्र मन लावून पुरावा शोधत होते. रिमोट त्यांच्याच हातात. पडद्यावर ताट दिसलं की आम्ही चौघंही पुढे सरकायचो. एका भागात फुग्याने ताट पावसात डोक्यावर धरलं. दुसऱ्या भागात धुतलं, पुसलं आणि फळीवर ठेवलं! संतोषभाऊंचा चेहरा पडला. मग एकदा त्याने ताट पालथं घालून ढोलासारखं वाजवलं.

"हे बघा! आपटलं का न्हाई? आपटलं म्हंजी फेकल्यातच जमा!"

अण्णा म्हणाले, "संतोष, म्हस दाखवून रेडकू इकायचं काम करू नगं."

*

मग हे आपटणं फेकण्यात धरायचं का, यावर मतदानाचा घोळ. तोंडावर मत द्यायला सगळे कचरत होते. गावात रोज एकमेकांची तोंडं बघायची असतात ना! अण्णांनी तोडगा काढला. "बाजारात भाव कसा करत्यात? उपरन्याखाली. बोटं धरायची, तोंड उघडायचं न्हाई. येक बोट म्हंजी कार्टून चालू, मूठ म्हंजी बंद."

शेवंताआजींनी पदर सावरला. "परक्या मानसाच्या हातात हात? ह्या वयात?"

"आजी, म्या जल्मभर बैलांचे दात मोजलेत. तुमचा हात काय खानार न्हाई."

शेवटी आजींनी डोळे मिटून हात घातला आणि भीतीने अण्णांचा अख्खा पंजाच आवळला. अण्णा ओरडले, "कार्टून चालू! पाच मतं येकट्या आजींची!"

मतदान रद्द.

*

सगळे भाग बघून संपले. ताट कुठेच फेकलेलं नव्हतं. मला तर रडूच यायला लागलं, कारण आता विहानला घरी बसवावं लागणार होतं.

"आसंल कुठंतरी," संतोषभाऊ म्हणाले. "पोराच्या मनानं येतंय का हे? त्यालाच इचारा!"

विहान बाहेर घसरगुंडीवर होता. त्यांनीच त्याला आत आणलं, समोर रिकामं ताट ठेवलं आणि लाडाने म्हणाले, "बाळा, दाखव बरं समद्यांला. ताट कसं फेकत्यात?"

पोरगं खूश! मांडी घालून बसलं. शर्टाचं वरचं बटन काढलं. शेजारी मोबाईल ठेवल्यासारखं केलं. एक खोटा घास तोंडात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"परत हेच? मीठ कुटंय यात?"

आजी खुदकन हसल्या. तेवढ्यात ताट सुटलं, भिंतीवर आदळलं, गरगरत आलं आणि संतोषभाऊंच्या पायाशी थांबलं.

आजींचं हसू जागच्या जागी थिजलं. अण्णा आपलं उपरणं झटकत बसले. मी टीव्हीकडे बघत राहिले, तो तर बंद होता.

संतोषभाऊ खाली वाकले आणि त्यांनी ताटाला हात घातला.

तसा विहान लगबगीने उठला. "पप्पा, तुमी नका उचलू! ते मम्मी उचलती."