गोविंदराव आणि विसाव्या मिनिटाला फुटणारी होडी

गोविंदरावांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि ते भांडण मी हरले. हे या गौरवग्रंथात प्रथमच छापील कबूल करते आहे. साठी पूर्ण करणाऱ्या माणसाला एवढी भेट तरी द्यायला हवी.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावाच्या मराठी वर्गावर मी नुकतीच शिकवायला लागले होते. आमच्या मराठी मंडळाचा टेपरेकॉर्डर मुका झाला, तेव्हा तो पिशवीत घालून मी फ्लाकला बस बदलली आणि रिव्हिएर दू रांपारला उतरले. वांग्यांच्या वाफ्याला लागून एक पत्र्याची खोली होती. आत मागची झाकणे काढलेले रेडिओ ओळीने बसले होते आणि त्यांच्यामध्ये चष्मा कपाळावर ठेवून गोविंदराव. बेटाचा अख्खा उत्तर भाग त्यांना 'तोंतों गोविन' म्हणतो. तोंतों म्हणजे आपले काका.

"खराब झालाय," मी म्हटले.

"आपोआप?"

"हो."

"मग घेऊन जा. आपोआप झालेलं मला दुरुस्त करता येत नाय. कोणी काय केलं ते आधी सांग, मंग उघडतो."

मी तेव्हा तरुण होते आणि शिक्षिका होते. दोन्ही कारणांनी मला राग आला. मी सांगितले की कोणी काहीही केलेले नाही. ते शांतपणे दुसऱ्या रेडिओकडे वळले. पाच मिनिटे गेली. परतीच्या बसला अजून अवकाश होता. शेवटी मी म्हटले, की वर्गात एका मुलीच्या हातून लिमोनाद सांडले, आणि ते पुसताना माझ्याच हातून यंत्र खाली पडले.

"आता बोललीस," ते म्हणाले आणि पेचकस उचलला. "मशीन खोटं बोलत नाय गो मिस. मालक बोलतात."

त्यांची कामाची पद्धत आजही तीच आहे. आधी कबुलीजबाब. मग यंत्रासमोर खुर्ची टाकून ते बिघडेपर्यंत बसायचे, हातात घड्याळ धरून. मग ते मालकाला म्हणतात, "तुम्ही रोज जसं करता तसं पयल्यापासून करा." आणि यंत्राकडे न बघता ते मालकाच्या हातांकडे बघत राहतात. पोर्ट लुईच्या दुकानांत पांढरे डगले घातलेले लोक आहेत. गोविंदरावांकडे डगला नाही, पण बसण्याचा जो धीर आहे तो मला त्या दुकानांत कधी दिसला नाही.

त्याच दशकातल्या मोठ्या वादळानंतर गावोगावचे रेडिओ पाण्यात भिजून बंद पडले, आणि पुढच्या वादळाची सूचना ऐकायची तर रेडिओच हवा. गोविंदरावांनी स्वतःच्या घराचा उडालेला पत्रा तसाच राहू दिला आणि अंगणात कपड्यांच्या दोरीवर शेजारपाजारचे रेडिओ वाळत घातले. बायकोने विचारले, आपला पत्रा कधी? तर म्हणाले, "पत्रा बोलत नाय. ह्ये बोलतात." त्यांच्या पत्नी ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना अजून रागावतात.

पण मला सांगायची आहे ती होडीची गोष्ट. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या वर्गाची दशा अशी होती की बाके जास्त आणि मुले कमी. मुले घरी क्रेओलमध्ये भांडत, शाळेत इंग्रजी-फ्रेंच घोकत, आणि शनिवारी मराठीसाठी यायचे म्हटले की त्यांच्या पोटात दुखे. मंडळाचे प्रधानजी, म्हणजे अध्यक्ष, वर्गाच्या खोलीकडे आशेने बघत होते. मंडळाच्या लग्नाच्या खुर्च्या ठेवायला जागा नव्हती, आणि खुर्च्या कधी पोटदुखीचे कारण सांगत नाहीत.

अशात मंडळातल्या एकांच्या इंग्लंडमधल्या भावाने एक घरगुती कॉम्प्युटर पाठवला. टायपरायटरसारखी बटणे असलेली चपटी पेटी. ती टीव्हीला जोडायची आणि पडद्यावर खेळ खेळायचा. त्यात एक होडी होती. वरून दगड पडत, होडीने ते चुकवायचे. मी नियम केला: तासभर मराठी, मग होडी, आणि आपली पाळी मराठीतच मागायची. "आस्तेर मो तूर!" असे क्रेओलमध्ये ओरडले की पाळी गेली. "आता माझी पाळी" म्हटले की मिळाली. महिन्याभरात बाके कमी पडू लागली. मी दहा वर्षे कविता शिकवून जे साधले नाही, ते एका ओबडधोबड होडीने साधले. शिक्षिका म्हणून मला त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग होडी बिघडली. बरोबर वीस मिनिटे ठीक चाले. त्यानंतर पडद्यावर हिरव्या पट्ट्या येत, आकड्यांच्या मुंग्या होत, होडीचे दोन तुकडे होऊन एक तुकडा समुद्रात आणि एक आकाशात राही, आणि सगळे गोठून जाई. मुले आधी हसली, मग कंटाळली, मग येईनाशी झाली. पोर्ट लुईच्या एका दुकानात मी पेटी नेली, तर काउंटरवरचे गृहस्थ ती न उघडताच म्हणाले, की हे थंड देशातले यंत्र आहे, खेड्यात चालायचे नाही, नवीन घ्या. 'खेड्यात' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू तो दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचा होता.

मी तडक रिव्हिएर दू रांपारची बस धरली.

गोविंदरावांनी कॉम्प्युटर जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, "त्यानं उघडला पण नाय?"

"नाही."

"मंग त्याला काय म्हायती?" आणि पुढच्या शनिवारी ते आमच्या खोलीत घड्याळ धरून बसले. विसाव्या मिनिटाला होडी फुटली. त्यांनी हाताची मागची बाजू पेटीला वीज पुरवणाऱ्या काळ्या डबीवर टेकवली. डबी चटका देत होती. "ही चोर," ते म्हणाले आणि सगळे सामान घेऊन गेले. आठवड्याने नवी डबी बनवून आणली. त्यांच्या खोलीत, वांग्यांकडून येणाऱ्या वाऱ्यात, यंत्र सलग तीन तास चालले होते.

हा दुसरा शनिवार होता आणि प्रधानजींनी सगळी समिती बोलावली होती. एवढेच नव्हे, खुर्च्यांनी भरलेली लॉरी अंगणात आणून उभी केली होती. "आज चाललं तर वर्ग राहील," ते म्हणाले, "नाय तर आजच खुर्च्या उतरवू. लॉरीवाल्याला किती थांबवायचा?" मुले आली होती, त्यांच्या आया आल्या होत्या. एकोणीस मिनिटे सगळे छान चालले. विसाव्याला हिरव्या पट्ट्या आल्या.

खोलीत 'आयो!' असा एकच आवाज झाला. मी जमिनीकडे बघितले. गोविंदराव उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी चुकलो. डबी चोर नव्हती."

आमच्या मंडळाच्या सभेत 'मी चुकलो' हे शब्द त्यापूर्वी कोणी उच्चारल्याची नोंद नाही. इतिवृत्ते मीच लिहिते.

प्रधानजी म्हणाले, "गोविनभाय, तुमी आमच्यासाठी लय केलंत. आता चहा घ्या." हा आमच्याकडे माणसाला घरी पाठवण्याचा मार्ग आहे. ते दाराकडे वळून हाक मारणार, "उतरव रे!", तेवढ्यात गोविंदरावांनी आपली खुर्ची उचलली, दाराच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले.

"मी उठलो की खुर्च्या आणा."

"आणि कधी उठणार?"

"कारण सापडलं की."

"आन नाय सापडलं तर?"

"तर तुमची एक खुर्ची मी हितं आणून ठेवलीच हाय. बाकीच्यांचं बघा."

मुले हसली. प्रधानजी हसले नाहीत. गोविंदराव म्हणाले, "माझ्या घरात तीन तास चाललं. तिथं नाय आन हितं हाय, असं कायतरी हाय. दोन्ही शनिवारी मी पडदा बघत बसलो, तुमचे हात बघितलेच नाय. तुमी दर शनिवारी जसं करता तसं पयल्यापासून करा. काय सोडू नका."

मग आम्ही, चांगली मोठी माणसे, नाटकाच्या तालमीसारखे सगळे पहिल्यापासून केले. मी टीव्ही लावला. प्रधानजींच्या पत्नी, आमच्या काकी, यांनी स्वतः विणलेला क्रोशाचा जाड रुमाल पेटीवर नीट पसरला आणि बटणे दिसतील एवढाच पुढून दुमडला. आमच्याकडे रेडिओ असो, टीव्ही असो, उघडा ठेवणे म्हणजे पाहुण्याला चटईशिवाय बसवणे. मग प्रधानजींनी पूजेच्या ताटातून चिमूटभर कुंकवाच्या अक्षता घेतल्या, रुमालाची मागची कड उचलली आणि पेटीच्या पाठीवर, बरोबर जाळीदार फटींवर, वाहिल्या.

"हे दर शनिवारी?" गोविंदरावांनी विचारले.

"मंग? विद्येचं यंत्र हाय," प्रधानजी अभिमानाने म्हणाले.

गोविंदरावांनी पेटी उघडून वर्तमानपत्रावर उपडी केली. लाल तांदळाची मूठभर रास पडली. कित्येक महिन्यांची भक्ती.

काकींचा चेहरा पडला. गोविंदराव त्यांच्याकडे बघून म्हणाले, "ह्याला कोणी मारलं नाय, काकी. ह्याला आदरानं गुदमरवलं." मग प्रधानजींकडे वळून, "आणखी दोन शनिवार थांबलो असतो तर खिचडी झाली असती."

रुमाल काढला, तांदूळ काढले, पेटी पुन्हा लावली. वीस मिनिटे गेली. मुलांनी टाळ्या पिटल्या. तीस गेली. माणसांनी भरलेल्या खोलीच्या उकाड्यात चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे पुन्हा हिरव्या पट्ट्या आल्या, आणि प्रधानजींनी असा सुटकेचा श्वास सोडला की तो त्यांना लपवता आला नाही.

मला वाटले, आता संपले. गोविंदरावांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणि काकींकडून चहाचा चमचा मागितला. चमचा बर्फात ठेवायचा, कोरडा पुसायचा, आणि आतल्या एकेका काळ्या चिपच्या पाठीवर टेकवायचा. पहिल्या चिपवर काही नाही. दुसऱ्या चिपवर काही नाही. तिसऱ्या, मोठ्या चिपवर चमचा टेकला आणि पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या विरून गेल्या. होडीचे दोन्ही तुकडे एकत्र आले. चमचा उचलला, थोड्या वेळात पट्ट्या परत. टेकवला, गेल्या. वर्गातल्या एका मुलीने हळूच विचारले, "तोंतों, ताप हाय त्याला?"

"महिनोन् महिने ताप अंगावर काढलाय त्यानं," ते म्हणाले. "आता त्याला जरा डोईवर वारा लागला पाह्यजे. ॲल्युमिनचा पत्रा आना."

पत्रा कुठला? खोलीत ॲल्युमिनियमची एकच वस्तू होती: मंडळाच्या लग्नाच्या मोठ्या डेकचीचे झाकण. गोविंदरावांनी पत्रा कापायची कात्री काढली.

"ते लग्नाचं झाकण हाय!" प्रधानजी ओरडले.

"वर्ग नसंल तर लग्नात मंगलाष्टकं कोण म्हणंल? तुमची लॉरी?"

आणि त्यांनी झाकणाच्या कडेचा एक तुकडा कापला. दोन कडा दुमडून उभ्या केल्या, टीव्हीच्या कामासाठी जवळ असलेला, उष्णता ओढून घेणारा पांढरा मलम लावून तो तुकडा त्या चिपच्या पाठीवर बसवला. पेटीखालून हवा खेळावी म्हणून चार पाय हवे होते. ते काकींनी दिले, न मागता: क्रोशाच्या दोऱ्याची चार रिकामी रिळे.

त्या दुपारी होडी पाच वाजेपर्यंत चालली. प्रधानजी घड्याळ धरून तिच्या मरणाची वाट बघत उभे होते. एक तास झाला, दीड झाला. मग मी पाहिले की घड्याळ त्यांच्या खिशात गेले आहे. थोड्या वेळाने ते घसा साफ करून म्हणाले, "आता माझी पाळी." मराठीतच म्हणाले, त्यामुळे द्यावी लागली. तिसऱ्याच दगडाला त्यांची होडी बुडाली, आणि त्यांनी यंत्राला दोष दिला.

खुर्च्या मात्र उतरल्या. बाके कमी पडत होती, म्हणून मुलांनीच त्या लॉरीतून आणल्या आणि त्यांवर बसली. अजून त्या आमच्याच खोलीत आहेत. लग्न असले की मंडळ वर्गाकडून मागून नेते.

त्यानंतर यंत्र दोन वर्षे टिकले. काही मुले फक्त होडीसाठी आली आणि होडीबरोबर गेली, हेही नोंदवते. गौरवग्रंथात खोटे लिहायचा प्रघात असला तरी गोविंदरावांसमोर ते चालत नाही. पण 'ताप हाय त्याला?' विचारणारी ती मुलगी आज ब्रीझे वेर्दिएरला मराठीचा वर्ग घेते. तिच्या वर्गातला टेपरेकॉर्डर उघडा असतो. रुमालाची घडी शेजारी.

आता थोडे सत्काराविषयी. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर गोविंदरावांनी खोलीला कुलूप लावून आराम करावा, असे त्यांच्या मुलांना वाटते, डॉक्टरांना वाटते, आणि आमच्या समितीने तर तसा ठरावच केला आहे. ठरावाला एक मत विरुद्ध पडले. ते माझे. समितीने त्यांना जरीची जाड शाल द्यायचेही ठरवले. मी निरोप घेऊन गेले, तेव्हा ते एका टीव्हीसमोर घड्याळ धरून बसले होते.

"शाल?" ते म्हणाले. "आन वर अक्षता पण टाकणार?"

"अर्थात."

"मंग प्रधानाला सांग, वीस मिन्टांत बिघडंन."

तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांना माझी हात जोडून, पण ठाम विनंती आहे. सत्काराच्या दिवशी शाल आणा, हवी तर घडी करून शेजारी ठेवा. अक्षता पायांवर वाहा, डोक्यावर नको. त्यांना मोठी खुर्ची, मोठी विशेषणे आणि बंद खोली देऊ नका. त्यांची खोली उघडी राहू द्या, वांग्यांकडून वारा येऊ द्या, आणि आपापले बिघडलेले रेडिओ घेऊन, खरे खरे सांगायची तयारी ठेवून, रांगेत उभे राहा.

त्या डेकचीचे झाकण अजून वापरात आहे. लग्नात डाळ उकळू लागली की कापलेल्या कडेतून वाफ सुटते; काकी म्हणतात, तेव्हापासून एकदाही डाळ उतू गेलेली नाही. गोविंदरावांना अशीच मोकळी हवा लाभो, अंगात ऊब राहो पण ताप न राहो, आणि अजून पुष्कळ वर्षे ते दाराच्या मधोमध खुर्ची टाकून बसोत. आम्ही उठायला सांगू. त्यांनी ऐकू नये.