साईशचा अपुरा लेख

पेडणे तालुक्यातल्या चांदेलहून म्हापशाच्या कॉलेजात येणाऱ्या गौरवी परबला रडू येत नाही, हे एव्हाना तिच्या वर्गात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिचा मित्र साईश अपघातात गेला त्या दिवशी ती त्याच्या लाटंबार्सेच्या घरी हात बांधून उभी होती. त्याच्या आईने, रुक्मिणीकाकींनी, तिला कवटाळलं तेव्हाही ती ताठच राहिली. काकींच्या खांद्यावरून समोरचं जनेल दिसत होतं. त्याच्या गजांचा निळा रंग कुठे कुठे उडालाय, ते ती बघत राहिली.

गौरवीचे वडील मूळचे वेंगुर्ल्याकडचे. तरुणपणी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला आले, खाणी थांबल्यावर पेडण्यात भाड्याची गाडी चालवू लागले. घरात मानसशास्त्र हा शब्द कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता. गौरवीही त्या विषयाकडे आली ती अर्थशास्त्राच्या जागा भरल्या म्हणून. पण पहिल्याच सहामाहीत मेंदूवरचा धडा झाला आणि ती तिथंच रुळली.

साईश गावस तिच्याच वर्गातला. वडिलांची काजूची बाग आणि थोडी भातशेती. बोलका, घाईचा, कुठलीही गोष्ट आजच्या आज व्हावी अशा स्वभावाचा. दुसऱ्या वर्षाला तो, गौरवी आणि वर्गातलाच विशाल अशा तिघांनी मिळून ‘चेता’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. पदवीच्या विद्यार्थ्यांनी मानसशास्त्रात आणि मेंदूविज्ञानात केलेलं छोटं-मोठं संशोधन छापायचं, वर्षाला दोन अंक काढायचे. लेख इंग्रजीत, पण प्रत्येकाच्या शेवटी मराठी किंवा कोंकणी सारांश. प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत एक मेज आणि तीन खुर्च्या मिळाल्या. तेजस्विनी मॅडम मार्गदर्शक होत्या, पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “अंक तुमचा. मी फक्त सही करणार.”

नियम गौरवीने घातले. लेखकाचं नाव झाकून लेख दोन परीक्षकांकडे पाठवायचा, परीक्षक दुसऱ्या कॉलेजातले हवेत, आणि लेख संपादकाचा असला तरी त्याला सूट नाही. साईश म्हणायचा, “तू कस्टममध्ये जा. तिथं तुझं सोनं होईल.” दोघं स्वल्पविरामावरून भांडत, आकडेवारीच्या तक्त्यावरून भांडत, कँटीनमध्ये उंड्या पावाबरोबर कुठली भाजी घ्यायची यावरूनही भांडत. बाकीच्यांना वाटायचं की यांचं काहीतरी आहे. तसं काही नव्हतं. दोघांना एकमेकांशी भांडायला आवडायचं, एवढंच.

तिसऱ्या वर्षी साईशने स्वतःचा लेख दिला. प्रयोग जुना, ओळखीचा. पडद्यावर रंगाचं नाव येतं, पण ते दुसऱ्याच रंगात लिहिलेलं असतं. ‘लाल’ हा शब्द हिरव्या रंगात. शब्द न वाचता रंग सांगायचा. माणूस अडखळतो, कारण वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचतातच. साईशचा प्रश्न असा होता की आपल्याकडची मुलं आधी मराठी शाळेत शिकतात आणि मग इंग्रजीत जातात, तर त्यांना मराठी शब्द जास्त अडवतो की इंग्रजी? त्याचं म्हणणं होतं मराठी. परीक्षकांनी लेख परत पाठवला. इतक्या थोड्या मुलांवरून काही सांगता येत नाही, पुन्हा करा. गौरवीने तो निर्णय त्याला कळवला. त्याने उत्तर धाडलं, “बरोबर आहे त्यांचं. चवथ झाली की परत माणसं गोळा करतो.”

गणेश चवथीच्या आधी, गणपतीवर टांगतात त्या माटोळीला बांधायची फळं घेऊन डिचोलीहून घरी जाताना वळणावर त्याची स्कूटर घसरली. इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता.

त्यानंतरचं गौरवीला नीट आठवतं, पण दुसऱ्या कुणाचं आठवावं तसं. ती बसने कॉलेजला यायची, तास करायची, परत जायची. एकदा आई कालवणात मीठ घालायला विसरली. बाबांनी पहिल्या घासालाच ताट सरकवलं. गौरवीने सगळं जेवून ताट घासून ठेवलं होतं. आई तिच्याकडे बघत राहिली. अशा बधिरपणाला काय म्हणतात, तो किती टिकतो, हे गौरवीला पाठ होतं. मागच्या अंकात त्यावरचा लेख तिनेच तपासला होता. त्या माहितीचा तिला काडीचा उपयोग झाला नाही.

अंकाची बैठक बसली तेव्हा विशालने सगळ्यांच्या मनातलं सांगितलं. “साईशचा लेख आहे तसा छापूया. सुरुवातीला त्याचा फोटो, खाली दोन ओळी.”

“नाही,” गौरवी म्हणाली.

“का नाही?”

“तो मंजूर झालेला नाही.”

विशालचा आवाज चढला. “गौरवी, माणूस गेलाय. आता कोण तपासणार आहे?”

“वाचणारा तपासेल. आणि परत करायचं हे त्याने स्वतः कबूल केलं होतं.”

“तुला काहीच वाटत नाही ना?”

गौरवीने विचार केला, खरंच केला, आणि म्हणाली, “नाही वाटत. पण लेख मी पुरा करीन. आणि लेखक म्हणून त्यात मी आले की या लेखाचं संपादन तू बघायचंस. मी त्यात पडणार नाही.”

विशाल त्या दिवशी उठून गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि लेखाचे कागद आपल्या बाजूला ओढून घेतले.

साईशचा प्रयोग त्याच्या लॅपटॉपमध्ये होता. तो त्याच्या वडिलांनी, सगुणकाकांनी, एका कापडी पिशवीत घालून कॉलेजवर आणून दिला. गौरवीने तो उघडला, प्रयोग सुरू केला आणि साईश बोलू लागला. “नमस्कार. पडद्यावर शब्द दिसेल. शब्द वाचू नका. रंग सांगा.” त्याने सूचना स्वतःच्याच आवाजात भरून ठेवल्या होत्या. शेवटच्या वाक्याला तो जरा हसल्यासारखा वाटायचा.

विशालने ते ऐकलं आणि तो बाहेर पॅसेजमध्ये गेला. परत आल्यावर म्हणाला, “हे दुसऱ्या कुणाच्या आवाजात भरूया. तुला रोज ऐकायला नको.”

“सूचना बदलली तर आधीच्या नोंदी आणि आताच्या नोंदी एकत्र धरता येणार नाहीत.”

“बरं,” विशाल म्हणाला.

दिवाळीनंतर तिने मुलं बोलवायला सुरुवात केली. खोलीत एकेकाला बसवायचं, संमतीची सही घ्यायची, “तयार?” म्हणायचं आणि कळ दाबायची. पहिल्यांदा कळ दाबताना तिला वाटलं होतं की आता काहीतरी होईल. काही झालं नाही. समोरच्या मुलाने रंग सांगितले, ती नोंदी ठेवत गेली. दुसऱ्यालाही तसंच, दहाव्यालाही तसंच. पुढे पुढे तो आवाज पंख्याच्या आवाजासारखा झाला. एखाद्या दिवशी घरी जाताना बसमध्ये तिच्या लक्षात यायचं की आज आपण दिवसभर साईशला ऐकलं, आणि हे लक्षात येऊनही ती खिडकीबाहेर बघत राहायची.

एक दिवस पहिल्या वर्षाची सायली आली. ती साईशच्या वाड्यावरची, हे गौरवीला ठाऊक नव्हतं. “नमस्कार” ऐकताच सायलीने तोंडावर हात दाबला आणि ती खुर्चीतून उठली. गौरवी तिच्यामागे गेली नाही. तिने त्या नोंदीपुढे ‘अपूर्ण’ असं लिहिलं आणि दाराबाहेर थांबलेल्या पुढच्या मुलाला आत बोलावलं. मग मात्र तिला कळ दाबवेना. मुलगा म्हणाला, “ताई, सुरू करायचं?” ती म्हणाली, “थांब जरा.” ती बाहेर आली. सायली जिन्यावर बसली होती. गौरवी तिच्या शेजारी बसली. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. सायली पाणी प्यायली. मग गौरवी आत गेली आणि तिने काम पुढे चालू केलं.

सगळे आकडे जमले तेव्हा निकाल स्पष्ट होता. मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द, मुलं दोन्हींना सारखीच अडखळत होती. साईशचं म्हणणं टिकलं नाही. तिने गणित पुन्हा करून पाहिलं, मॅडमना दाखवलं. मॅडम तिच्याकडे बघत म्हणाल्या, “तू असंच लिहिणार?”

“आहे तसंच लिहिणार.”

तिने लिहिलं की फरक आढळला नाही. नावात साईश आधी, ती मागून. परीक्षकांनी दोन किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या आणि लेख मंजूर झाला. त्याचा फोटो विशालने अंकाच्या मलपृष्ठावर टाकला, त्याला गौरवीने हरकत घेतली नाही.

अंक छापून आले तेव्हा काजूचा हंगाम होता. गौरवी डिचोलीत बस बदलून लाटंबार्सेला उतरली. सगुणकाका खळ्यात बोंडांच्या बिया काढत बसले होते, हात चिकाने माखलेले. हात धुऊन ते ओसरीवरच्या मेजाशी येऊन बसले आणि त्यांनी अंक दोन्ही हातांत घेतला. मुलाचं नाव बोटाने शोधलं.

“मगे, काय निघालां त्यातून?”

“फरक नाही निघाला, काका.”

“म्हणजे चुकलां त्याचां?”

“त्याला वाटलं होतं तसं नाही झालं. पण आपल्याकडे हे कुणी करून बघितलं नव्हतं. आता ते लिहून ठेवलंय.”

काकांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. आतून रुक्मिणीकाकी चहा घेऊन आल्या. कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. “सायलीन सांगलां. त्याचो आवाज आसा म्हणे तुझ्याकडे.”

गौरवीने लॅपटॉप परत द्यायलाच आणला होता. तो मेजावर उघडला. “नमस्कार,” साईश म्हणाला. “पडद्यावर शब्द दिसेल. शब्द वाचू नका. रंग सांगा.” सगुणकाका उठून खळ्याकडे गेले. काकींनी पदराने हात पुसले आणि पडद्यासमोर बसल्या. मुलाने सांगितलं होतं तसं त्या रंग सांगू लागल्या. “तांबडो. ना, हिरवो. निळो.” काकी मराठी चौथी शिकलेल्या. मराठी शब्दांना त्या दर वेळी अडखळत होत्या. इंग्रजी शब्द आले आणि त्यांनी भराभर रंग सांगितले, एकही न चुकता.

संपल्यावर त्यांनी विचारलं, “कसां झालां?”

“मराठीत तुम्ही थांबलात. इंग्रजीत नाही थांबलात.”

“तो तसांच म्हणी ना?”

गौरवीला सांगता आलं असतं की काकी, तुम्हाला इंग्रजी वाचताच येत नाही, म्हणून शब्द आडवा आला नाही. ही नोंद धरता येणार नाही. सगळे नियम तिला समोर दिसत होते.

“हो,” ती म्हणाली. “तसंच म्हणायचा.”

काकींनी मान हलवली आणि तिला जेवून जायला सांगितलं. ती जेवली. काकींनी वाढलेलं किती खाल्लं याकडे तिचं लक्ष नव्हतं.

परीक्षा झाल्यावर ‘चेता’ खालच्या वर्गातल्या अमृताकडे गेलं. गौरवी आता एम.ए. करते आहे. तेजस्विनी मॅडमनी पाठवलं म्हणून ती पणजीला एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्या विचारतात, साईशबद्दल काय वाटतं. परवा ती एवढंच म्हणाली, की त्याचंच बरोबर निघालं असं एकदा त्याच्या आईला मी वाटू दिलं, आणि मला ते दुरुस्त करावंसं वाटत नाही. बाईंनी ते वहीत टिपलं. मग वेळ संपली, आणि ती म्हापशाची बस पकडायला निघाली.