समासातली पेन्सिल

गेल्या ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सीताबर्डीच्या फुटपाथवर आम्ही तिघे होतो: जुनी पुस्तकं विकणाऱ्या बाई, रामदासपेठेतल्या दवाखान्यातली एक नर्स आणि मी. मी दीडशे रुपयांची कादंबरी परत करायला गेलो होतो. वाचून आणलेल्या पुस्तकाचे बाई अर्धे पैसे देतात.

बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. विकायचं पुस्तक त्या आधी स्वतः वाचतात आणि कव्हरवर तळवा फिरवत मत सांगतात. "चाळीस पानं धीर धरा, मंग ड्रॅगन येते," असं या कादंबरीबद्दल म्हणाल्या होत्या. ती एका मालिकेचा दुसरा भाग होती आणि नर्स याच भागासाठी महिनाभर चकरा मारत होती. मी आणलेली प्रत तिने तिथेच उघडली.

वाचताना आकडे तपासायची मला खोड आहे. तिने उघडलेल्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने लिहिलं होतं, "राजपुत्र इथे सतरा वर्षांचा, पान ३१२ वर मरताना एकोणीस. मध्ये चारच महिने!" कादंबरी मला आवडलीही होती, पण ते कुठेच लिहिलं नव्हतं.

"मरते का तो?" नर्सने बाईंना विचारलं.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ड्रॅगन उडते ते पटलं तुम्हाले, अन् दोन वर्सं नाही पटली?"

"मी खोडून देतो."

"तिच्या डोक्यातून कसं खोडता, भाऊ?"

नर्स पुस्तक ठेवून निघून गेली. बाईंनी पंचाहत्तर रुपये मोजून पुढे केले. मी नको म्हणालो.

"वाचून आणलं ना? घ्या."

मी ते घेतले.