चाकावरच्या डब्यात आठ दिवस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे खाटेची दोरी ताणणं. अंगणात एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला मी. "ओढा ना जोरात, जेवले नाई काय?" ती म्हणाली. ओढली, तर म्हणे, "आता एवढीबी नका ओढू, तुटन." दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता ती बसल्या जागी गेली. मला वाटलं, भिंतीला टेकून डुलकी घेते.

पोरगा जर्मनीत असतो. त्यानं आम्हा दोघांना सुट्टीसाठी बोलावून ठेवलं होतं, पासपोर्टही दोघांचे निघाले होते. चार महिन्यांनी फोनवर म्हणाला, "बाबा, या तुम्ही. मन हलकं होईल." मन हलकं करायला त्यानं मला गाडीमागं जोडलेल्या एका डब्यात कोंबलं. त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आत तो, सून आणि मी. एकानं कूस बदलली की तिघं जागे.

जंगल दाखवतो म्हणाला होता. आलापल्लीकडच्या माणसाला जंगल! तिथं डबे ओळीत लावलेले, प्रत्येक जागेला नंबर, आमचा एकसष्ट. सागवान तोडायला आम्ही महिना महिना जंगलात मुक्कामाला असायचो. दुरून पाणी आणायचं, आंघोळीला रांग, डोक्यावर गळकं छप्पर. पोरानं विमानानं नेऊन मला तेच सगळं दाखवलं आणि वर विचारलं, "कसं वाटते बाबा?"

"सवयीचं," मी म्हटलं.

आठातले सहा दिवस पाऊस. वडशाचे गावोगाव फिरणारे नाटकवालेही गाडीतच झोपतात, पण ते निदान नाटक करतात. इथले लोक खुर्ची टाकून एकमेकांच्या डब्याकडे पाहत बसायचे. सून बिचारी एवढ्याशा शेगडीवर भात रांधायची, खालून करपलेला, वरून कच्चा. तिच्या सासूबद्दल मात्र दोघंही चकार शब्द काढत नव्हते. काढला तर म्हातारा रडेल, असं ठरलं असावं.

आमच्या घरी माणूस गेलं की वर्षभर पहिला घास त्याच्या नावानं पळसाच्या पानावर बाहेर ठेवतात. मी एक दिवस चुकलो नव्हतो. विमानात तेवढा चुकला, खिडकी उघडत नाही म्हणे. तिथं पळस कुठला? शेजारच्या डब्याच्या कुंपणाची पानं तोडली, दात कोरायच्या काड्यांनी टाचली आणि रोज झाडाखाली घास ठेवत गेलो.

सातव्या दिवशी संध्याकाळी तिथला मॅनेजर आला. माझं पान त्यानं मेल्या उंदरासारखं चिमटीत धरलं होतं.

"बाबा, हा म्हणते, बाहेर खाणं ठेवू नका, कोल्हे येतात. अन् लोकाच्या कुंपणाची पानं काऊन तोडली म्हणते."

"सांग त्याले, कोल्ह्यासाठी नाई, तुह्या मायसाठी हाय."

पोरगा त्या माणसाशी अगदी थोडं बोलला.

"सांगितलं काय?"

"माफी मागितली."

"अन् मायचं?"

"जाऊ द्या ना बाबा. त्याले काय समजते."

"त्याले नाई समजत, ठीक हाय. तुले समजते काय?"

तो डब्यात निघून गेला. मॅनेजरनं पान कचऱ्यात टाकलं. तेही नीट पाहून, ओल्या कचऱ्याच्या पेटीत. शिस्तीचा देश आहे.

सकाळी सुनेनं उपमा केला. पहिला घास मी कागदावर घेतला आणि उठलो.

"कुठी चालले बाबा? पाणी पडून राह्यलं," पोरगा म्हणाला.

"फाटकाबाहेर. त्या मॅनेजरचं राज्य तिथपर्यंतच हाय."

रस्त्यापलीकडे नांगरलेलं शेत होतं. कडेच्या एका ढेकळावर घास ठेवला, तिला जेव म्हटलं. मागं वळलो तर पोरगा भिजत उभा, पायात चपला नाहीत. परत येऊन दोघांनी गार झालेला उपमा खाल्ला.