सासऱ्यांचा अबोला

सून पडद्यांच्या दुकानात शिवणकामाला लागली आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांनी बोलणं सोडलं. माणूस जन्मभर बस कंडक्टर. 'पुढे सरका' म्हणण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातही आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. सासूबाई गेल्यापासून तर ते सुनेशीच गप्पा मारत बसायचे. आता नुसतं 'हं' आणि 'हूं'. ताट घेऊन खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे.

"बाबांना माझं बाहेर पडणं पटलेलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"छे गं, ते आहेतच लहरी," म्हणून तो कुशीवर वळला.

खरं तर 'जा, बिनधास्त जा' असं सासरेच म्हणाले होते. पण ते 'जा' आता तिला वेगळंच ऐकू यायला लागलं. मशीनवर शिवण वाकडी जाऊ लागली. शेवटी तिने मालकिणीला सांगून टाकलं, "मला नाही जमणार. घरी नाराजी आहे."

"कोणी तसं म्हणालंय?"

"म्हणायला कशाला हवं? बोलतच नाहीत."

"मग आज लवकर जा आणि तोंडावर विचार. नंतर बघू."

ती घरी आली तेव्हा सासरे मोरीतल्या आरशासमोर उभे होते. "सूनबाई," असं काहीतरी म्हणायला गेले, तर शिट्टीच वाजली. पुन्हा जोर लावला. आणखी मोठी शिट्टी!

"बाबा?"

ते दचकले, तोंडावर हात धरला. मग चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "जुनी कवळी तुटली गं. गुपचूप नवी करून घेतली, तर ही 'स' म्हटला की वाजते. जेवताना खटखटते ती वेगळीच. तुमच्यापुढे बोलू कसा?"

"आणि मला वाटलं, माझ्या नोकरीचा राग!"

"राग? अगं, तू दिवसभर बाहेर, म्हणून तर मोकळेपणी सराव करता आला!"

बोलता बोलता पुन्हा शिट्टी वाजली. ती दारातच मटकन बसली आणि हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनाही हसू आवरेना. कवळी निसटायला लागली, ती हाताने सावरली.

सकाळी तिनेच त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने कवळी जराशी घासून दिली आणि म्हणाला, "एवढ्यासाठी कोणी गप्प बसतं का, काका?"

दुकानात पोचायला तिला उशीर झाला. मालकिणीने तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि नव्या कापडाचा तागा तिच्यापुढे सरकवला.